पार्किंगमधला देव

खालच्या मजल्यावरच्या प्रसादने वडिलांची, म्हणजे नानांची, जुनी मोटरसायकल घरच्या घरी नवी केली आणि रविवारी सगळ्या सोसायटीला पार्किंगमध्ये दर्शनाला बोलावलं. गेलो. असले सोहळे मी चुकवत नाही.

गाडी झळकत होती, यात वाद नाही. "काका, एकेक नट ओरिजिनल!" प्रसाद सांगत होता. "नानांनी दुधाच्या किटलीसाठी लावलेला हुक, लेथवाल्याकडून करून घेतलेली क्लचची दांडी, सगळं काढून फेकलं."

म्हणजे तीस वर्षांत गाडीवर जे जे नानांचं झालं होतं, नेमकं तेवढंच गेलं! जुन्याच्या प्रेमात पडलेल्या या मंडळींची मला मोठी मौज वाटते. यांना जुनी वस्तू हवी, पण कुणी न वापरलेली. मुरलेलं लोणचं हवं, पण फोडी करकरीत.

नाना शेजारीच प्लास्टिकच्या खुर्चीत बसून गाडीकडे बघत होते. हळूच म्हणाले, "एकदा बसू का रे?"

"नको नाना, पॉलिश ताजं आहे."

मला राहवलं नाही. "बसा हो नाना!" मी भर गर्दीत ओरडलो. "कागदांवर अजून तुमचंच नाव आहे!"

टाळ्या पडल्या. नाना टांग टाकून बसले, हँडलच्या दोन्ही मुठी धरल्या आणि क्षणभर त्यांची पाठ ताठ झाली. प्रसाद लगबगीने पुढे झाला. मला वाटलं, बापाला आधार द्यायला. पण त्याच्या हातात फडकं होतं. नानांनी एक हात उचलला मात्र, त्याने ती मूठ पुसायला घेतली.