दोन्ही भाषा माझ्याच तोंडून

"तुझ्या फ्रेंचला बोंबलाचा वास येतो गं," मॅडम माईकवरच म्हणाल्या. कवितावाचनाला भरलेला वसईतला हॉल हसला. मी स्टेजवर उभी. अंगावर लुगडं, केसांत अबोली, पायाशी रिकामी टोपली. माझी मराठी कविता नुकतीच वाचून झाली होती. तीच मी फ्रेंचमध्येही लिहिली आहे. तो कागद मॅडमनी माझ्या हातातून काढून घेतला. "ही मी वाचते. कानाला बरं वाटेल."

मॅडम म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाईड. फ्रेंच कवितेवरच्या माझ्या प्रबंधाचं कौतुक त्या चारचौघांत करत. तेव्हा बोंबील आडवा आला नाही.

लुगडं-टोपली ही त्यांचीच मागणी. "लोकांना ओरिजिनल कोळीण बघायला आवडेल." मी इथल्याच पाचूबंदर कोळीवाड्यातली. बाजारात आईशेजारी बसून वाढले, मला घासाघीस शिकवायची गरज नाही. मी सरळ सौदा केला होता: लुगडं नेसते, पण दोन्ही भाषा मीच वाचणार. त्या "डन" म्हणाल्या. लुगडं वसूल केलं आणि शब्द फिरवला.

आमच्याकडे गिऱ्हाईक भाव ठरवून फिरलं, वर मासळीला नावं ठेवली, की आई टोपलीवर ओलं फडकं ओढते. मग त्याने दुप्पट देऊ केले तरी त्याला मासळी नाही. लहानपणी मला तिचा राग यायचा. येणारं गिऱ्हाईक का घालवायचं?

आई पहिल्या रांगेत बसली होती. तिला फ्रेंच कळत नाही. हसणं कळतं. तिथूनच ओरडली, "बाय, झाक टोपली!"

मी मॅडमच्या हातातून कागद ओढला. कोपरा फाटला.

"अगं, लोक बघतायत. तमाशा करू नकोस."

"तमाशा तुम्ही मांडलात. मी उचलतेय."

खालून कुणीतरी म्हणालं, "एवढं शिकून शेवटी कोळीणच."

"हो," मी म्हटलं, "आणि फ्रेंच कविताही त्याच कोळणीची. आज मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "रागावलीस? मुंबईत मोठा कार्यक्रम आहे. दोन्ही तूच वाच, बस? लुगडं मात्र हवं हं."

दुप्पट भाव आला होता. मी फोन ठेवला.

माझी कविता ऐकायची तर माझ्या तोंडून, मी नेसेन त्या कपड्यांत. मॅडमसाठी फडकं ओढलंय. ते आता निघायचं नाही.