सासऱ्यांच्या करवतीचे दात

लग्नानंतर पंधराव्या दिवशी मी माझ्या सासऱ्यांचा धंदा बंद पाडला. एका दुपारपुरताच, पण पूर्ण.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. निर्मळ गावात माझे सासरे, दामूअण्णा, बैलगाड्यांची चाकं बनवत. मी वसईच्या एका कारखान्यात माल तपासायचो. वाकडं दिसलं की बाद करायचं, याचा मला पगार मिळे (आणि आपल्याला सगळं कळतं, हा भ्रम फुकट).

त्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. अण्णा जेवून आडवे झाले होते. पडवीत त्यांची लाकडी चौकटीत ताणलेली करवत होती, चाकाचे गोलाईचे तुकडे कापायची. मी पातं डोळ्यासमोर धरलं. एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे, सगळे तसेच! म्हाताऱ्याची नजर गेली, असं मी ठरवून टाकलं आणि पक्कड, हातोडी घेऊन बसलो.

"अहो, बाबांना विचारलंत का?" बायकोने, सुमनने, विचारलं.

"यात विचारायचं काय? दिसतंय की."

दीड तासात सगळे दात कवायतीला उभे राहिल्यासारखे सरळ.

चारला भुईगावचे इनासभाऊ चाक न्यायला आले. त्यांचे केळीचे घड उतरवून पडले होते, सकाळी गाडी भरायची होती. चाकाचा एकच तुकडा कापायचा राहिला होता. अण्णांनी बाभळीवर करवत चालवली. चार हात मारले आणि करवत अडकली. ओढली, तर ओंडकाच सोबत आला. तेल लावलं, बाजू बदलली. ढिम्म.

"लाकूड ओलं हाय का, अण्णा?"

"तीन वर्षं सुकवलंय." अण्णा घामाने निथळत खाली बसले. स्वतःच्या मनगटांकडे बघत हळूच म्हणाले, "हातच गेले वाटतं आता."

ते मात्र मला ऐकवेना.

"हात नाही, अण्णा. दात. मी सरळ केलेत."

अण्णांनी पातं उचलून निरखलं.

"जावईबापू, दात दोन्हीकडे झुकलेले असले तरच पात्याला चिरेत हलायला जागा मिळते. तुमच्या कारखान्यात काय बनतं?"

"कुलपं."

"तरीच."

त्यांनी खाच पाडलेली एक लोखंडी पट्टी माझ्या हातात दिली. एकेक दात खाचेत धरून मी पुन्हा वाकवायला लागलो. इनासभाऊ समोर पाटावर बसून देखरेख करत होते.

"हा डावीकडं. नाय, डावीकडं. सुमन, यांना डावा हात कंचा ते सांग जरा."

सुमन आत जाऊन हसली. भिंत पातळ होती.

दिवस मावळता मावळता करवत लोण्यातून जावी तशी बाभळीतून गेली. चाक पुरं झालं, इनासभाऊंची गाडी सकाळी वेळेवर निघाली.

त्यानंतर आम्ही निर्मळला जायचो, तेव्हा अण्णा सगळी हत्यारं आधीच शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवत. जावयासाठी पडवी मोकळी करतात, असं मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे.