लंगरातला जवान

सहा वर्षं झाली, मी फौजेच्या लंगरात, म्हणजे स्वयंपाकघरात, आचारी आहे. गावाला हे माहीत नाही. वडिलांनी सगळीकडे सांगून ठेवलंय, पोरगं बॉर्डरवर बंदुकीवर हाय. सुट्टीवर आलो की पारावर कुणीतरी विचारतंच, "किती गोळ्या झाडल्या रं?" मी गप्प बसतो. त्या गप्प बसण्याची मला चीड येते.

साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक फौजी. वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून मला कॅनॉलच्या रस्त्यानं पळवायला लागले. पळालो. पण जीव आईच्या चुलीपाशी होता. रस्सा उकळायला लागला की त्यात मीठ पडलंय का हे मी वासावरून सांगायचो. म्हणून भरतीच्या अर्जात मी स्वतःच्या हातानं आचारी लिहिलं. मला जे येतं ते मागितलं आणि मिळालं. आठवडाभरानं वडील एवढंच म्हणाले, "आचाऱ्याला पोरगी कोण देणार? गावात बोलायचं न्हाई."

यंदाच्या यात्रेला मला बघायला मुलीकडची माणसं येणार होती. भावकी, पाहुणे धरून शंभर पान. वडिलांनी तासगावकडचा एक आचारी ठरवला. घरात पाचशे माणसांचं रांधणारा पोरगा असताना! तो बाबा मोबाईलवर बोलत बसला आणि मटणाच्या पातेल्यात वाटण तळाला धरलं. मला ओसरीवर वास आला. धावत जाऊन मी डाव हातात घेतला, तोच वडिलांनी मनगट धरलं.

"फौजेतला जवान तू. चुलीपाशी काय काम?" ते मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. पाहुणे ऐकत होते.

दोन मिनिटांचं काम होतं. वरचं मटण हळूच दुसऱ्या पातेल्यात काढलं असतं तर सगळं वाचलं असतं. मी डाव ठेवून दिला आणि भेकडासारखा पाहुण्यांत जाऊन बसलो. आचाऱ्यानं तळ खरवडून ढवळलं, वर चटणी ओतली. पंगत बसली. माणसं दोन घास खाऊन भाकरी चिवडत राहिली. मुलीचे वडील "लय झाक झालंय" म्हणाले आणि ताट तसंच सारून उठले. ऐन यात्रेत आमच्या दारातून माणसं उपाशी गेली, आणि माझे वडील मिशीवर हात फिरवत त्यांना निरोप देत होते. चोवीस वर्षं या माणसानं लंगरातलंच खाल्लं. बर्फात चौकीवर त्यांना गरम डाळ कुणी पोचवली? त्या लंगरातल्या आचाऱ्याला यांनी कधी विचारलं असेल का, तुझ्या घरी काय सांगितलंय म्हणून?

पाहुण्यांची गाडी वळली तसे वडील स्वयंपाकघरात येऊन बसले. त्यांनीही काही खाल्लं नव्हतं.

"पोटात आग पडलीय. काय तरी कर रं," ते म्हणाले. "आन् दार लोटून घे."

अंगणात भावकी अजून बसून होती. मी दाराची दोन्ही फळकुटं भिंतीपर्यंत सताड उघडली आणि मगच गॅस पेटवला. भावकीच्या माना दाराकडं वळल्या. वडील उठले नाहीत. दाराकडं पाठ करून ते तीन भाकरी जेवले.