क्रीनाचा चिखल

झीलंडच्या माती-प्रयोगशाळेत क्रीना विसेने तीस वर्षं चिखल कालवला. वाळवून चाळलेली माती वाडग्यात घ्यायची, शुद्ध पाणी थोडं थोडं ओतायचं आणि पात्याने ढवळत राहायचं. चिखल चकाकला, पात्यावरून आपसूक घसरला आणि मध्ये पाडलेली चर वाडगा आपटताच मिटली, की झालं. दुसऱ्या दिवशी त्यातलं पाणी ओढून काढायचं आणि त्यातून वीज किती वाहते ते मोजायचं. मीठ जास्त, तर वीज जास्त.

शेजारच्या टेबलावर तिचा सहकारी मारिन. एक भाग माती, पाच भाग पाणी, बाटली यंत्रात हलवली की तासाभरात आकडा हातात. पाणी फार, म्हणून आकडा लहान. मग चिखलाच्या आकड्याशी जुळवायला तो मातीच्या जातीप्रमाणे गुणायचा.

"क्रीना, केक कधी भाजणार?"

"तू बाटल्यांना झोके दे. रडतायत तुझी बाळं."

प्रमुख विलेमीनबाईंनी एकदा दोघांना बोलावलं. "रोजच्या कामाला एकच पद्धत ठेवायची. बंधाऱ्यामागची चिकण माती घ्या, प्रत्येकाने तीनदा मोजा. ज्याचे आकडे एकमेकांशी जुळतील, त्याचं टेबल राहील."

क्रीना मनात म्हणाली, हे काय आव्हान झालं?

मारिनचे तिन्ही आकडे जुळले. क्रीनाचे दोन जुळले. तिसरा भलताच खारट.

"समुद्र आत शिरला वाटतं," मारिन म्हणाला.

"तोंड बंद ठेव आणि बाटल्या धू."

तिसरा वाडगा तिने खिडकीजवळ कालवला होता, नव्या पांढऱ्या दिव्याखाली. तिने तीच माती पुन्हा घेतली आणि त्याच दिव्याखाली चकाकेपर्यंत पाणी घालत ढवळली. दिवा मालवला. चिखल जुन्या बुटासारखा निस्तेज. चर पाडून वाडगा आपटला, तर चर तशीच उघडी. त्या दिवशी तिने चर पाडलीच नव्हती. तीस वर्षांच्या नजरेला कशाला हवी? चकाकी दिव्याची होती; पाणी कमी पडलं आणि त्यात मिठाचं प्रमाण वाढलं.

ती स्वतःच विलेमीनबाईंकडे गेली.

"म्हणजे दिव्याने घात केला," बाई म्हणाल्या.

"दिवा ढवळत नव्हता. आळस मी केला."

रोजचं काम मारिनच्या बाटल्यांना गेलं. क्रीनाचा चेहरा पडला. पण बाई पुढे म्हणाल्या, "नवी माती आली की किती पटीने गुणायचं, ते चिखलाशी ताडूनच ठरणार. तेवढं तुझ्याकडे. आणि मारिन, तूही शिकून घे. एका माणसाच्या नजरेवर ते सोडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मारिन वाडग्यावर वाकला होता. क्रीना पाठीशी उभी.

"खांदा भरून आला गं."

"लवकर भरला. अजून तर चिखलातले गोळे फुटले नाहीत."

"यंत्राने ढवळलं तर?"

"ढवळ की. पण चिखल सैल झाला हे कळायला यंत्राला खांदा नसतो, तुला आहे. हात बदल."