मागचं ऐकू न येणारा हेडफोन

आमचा शेजारी काहीही सांगायच्या आधी "काय हाय की" म्हणतो. उन्हाळ्यात गेमिंगचा हेडफोन घ्यायला तो मला परभणीला घेऊन गेला. चाळिशी उलटल्यावर ह्याला हे काय खूळ लागलं, असं माझ्या मनात आलं.

दुकानदार म्हणाला, "ह्याच्यात मागून येणाऱ्या दुश्मनाची पावलं बी ऐकू येतेत."

"काय हाय की... मागचं काहीच ऐकू यायला नको."

एकेक हेडफोन कानावर चढवून तो भिंतीकडं तोंड करायचा आणि मला मागून "बाळा" म्हणून हाक मारायला लावायचा. दुकानदार हसायला लागला. मी ओरडलो तरी ज्यात तो वळला नाही, तोच त्यानं निवडला. वरची पट्टी वाकवून, पिळून पाहिली.

"टिकाऊ पाहिजे," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतेत, म्हातारी अजून लय दिवस काढंल."

त्याची आई अंथरुणाला खिळलीय. तिला धुणंपुसणं, भरवणं तो मुकाट्यानं करतो. मग हेडफोन घालून ओट्यावर मोबाइलवर गोळ्या झाडत बसतो. आत तिचं "बाळा, बाळा" चालूच असतं.

परवा मला राहवलं नाही. तिला पाणी हवं असेल म्हणून आत गेलो. तिनं माझा हात घट्ट धरला.

"त्याला कानाच्या डॉक्टरकडं ने रे बाबा," ती म्हणाली. "लेकराला ऐकूच येईना झालंय."