कासम मिस्त्रींचा लाल ठिपका

कासम मिस्त्री काल गेले, आणि ज्यांनी त्यांचं नाव मातीत घातलं त्यांच्यातला एकही जण जनाज्याला फिरकला नाही.

गावाच्या ग्रुपवर मात्र सकाळपासून हात जोडलेले इमोजी पडतायत. "देवमाणूस होता" म्हणे.

लाज वाटू द्या जरा. तेव्हा कुठे होतात सगळे?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ऐंशीच्या दशकात मी खालापूर तालुक्यातल्या एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट होते. कुठल्या, ते विचारू नका.

कासमभाईंचं गॅरेज चौक गावात, हायवेच्या कडेला. पत्र्याची शेड आणि एक बाकडं. घाट चढणाऱ्या गाड्या आधी त्यांच्याकडे थांबायच्या.

उभ्या गाडीचं इंजिन थरथरतं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद पडतं, या दुखण्यावर त्यांचा हात बसलेला होता.

चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास ते मडगार्डवर ठेवायचे. कार्ब्युरेटरवरचा स्लो स्पीडचा स्क्रू जरासा फिरवायचे आणि चहाकडे बघायचे. परत फिरवायचे. चहा हलायचा थांबला की तोच ग्लास उचलून प्यायचे.

मग काडीनं त्या स्क्रूवर लाल ऑइलपेंटचा ठिपका. अर्धा स्क्रूवर, अर्धा बाजूच्या बॉडीवर. नंतर कुणी स्क्रू हलवलाच तर ठिपका तुटलेला दिसावा, म्हणून.

आमच्या ऑफिसची जीप पेशंटही न्यायची. ती सारखी बंद पडायची, म्हणून आमचा ड्रायव्हर गणपत ती कासमभाईंकडे घेऊन गेला. सहा महिने जीप घड्याळासारखी चालली.

मग साहेबांना नियम आठवला. सरकारी गाडी अधिकृत वर्कशॉपमध्येच दाखवायची. गाडी मुंबईला गेली. तिथे पेट्रोल बचतीचं नवीन पत्रक आलेलं. त्यात लिहिलेलं, इंजिनचा स्लो स्पीड, म्हणजे पाय काढल्यावरचा वेग, इतका खाली आणा. त्यांनी आणला. आमच्या जीपचं इंजिन म्हातारं आहे, तिला ते झेपणार नाही, हे बघायला कुणाला वेळ होता?

गाडी परत आली त्याच आठवड्यात वाडीवरची एक अडलेली बाई तिच्यातून कर्जतला निघाली.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी जात होती. गणपतनं पाय काढला आणि इंजिन बंद पडलं.

फाटक उघडलं, तरी जीप सुरू होईना. लोकांनी अर्धा तास ढकलली. बाई जीपमध्येच बाळंत झाली. बाळ रडलंच नाही.

चौकशी लागली. चौकशी कसली, नाटक! बॉनेट उघडलं, लाल ठिपका दिसला, साहेब म्हणाले, "खाजगी मेकॅनिकनं छेडछाड केलीय. लिहा."

वर्कशॉपचं नाव कुणी काढलं नाही. पत्रक वरून आलेलं. वरच्यांना कोण विचारणार?

दुपारी गणपत माझ्या टेबलाशी आला. घाम पुसत होता.

"बाय, जरा बाहेर या. तुमीच बघा."

मी गेले. त्यानं बॉनेट उघडून बोट ठेवलं.

"मिस्त्रीनं लावला तवा ठिपका एक व्हता. आता बघा, अर्धा इकडं, अर्धा तिकडं. म्हंजे मागनं कुणीतरी स्क्रू फिरवला ना? साहेबांना सांगा ना, बाय. माझं कोन ऐकनार?"

मी बघितलं. स्वच्छ दिसत होतं. लहान पोराला कळलं असतं.

मी आत गेले आणि रिपोर्ट टाइप केला. तीन कार्बन कॉप्या काढल्या. नोकरी पक्की व्हायला दोन महिने राहिले होते.

परवा मुलाची गाडी उभ्या उभ्या थरथरत होती. सर्व्हिस सेंटरवाल्यानं लॅपटॉप जोडला. कुठलासा सेन्सर चुकीचं रीडिंग देत होता म्हणे. सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि कागद हातात दिला. काय बदललं, कधी बदललं, कुणी बदललं, सगळं छापलेलं.

मुलगा म्हणाला, "आई, रडतेस काय? गाडी झाली ना नीट!"

काय सांगणार त्याला? त्या माणसानं एका काडीनं हीच नोंद ठेवली होती, आणि आम्ही तिच्यावरूनच त्याला गुन्हेगार ठरवलं.

रिपोर्टनंतर सरकारी गाड्या बंद झाल्या. मग टेंपोवाले यायचे थांबले. हायवेवर बोभाटा झाला, "पोर मारलं त्या मिस्त्रीनं." वर्षभरात शेड उतरली. एवढ्या कसबाचा माणूस पुढे नेरळला लोकांचे पाण्याचे पंप खोलत बसला.

आणि साहेब? साहेबांना बढती मिळाली. निरोपाच्या भाषणात "कार्यक्षम" हा शब्द चारदा आला. तेही मीच टाइप केलं.

बऱ्याच वर्षांनी नेरळला आमचा पंप बिघडला, तेव्हा कासमभाई आले. ऑफिसातली टायपिस्ट म्हणून मला ओळखलं. काम केलं, हात धुतले, आणि सरळ विचारलं.

"बाय, तो कागद तूच टाइप केलास ना? माझी चूक नाय, हे तुला ठावं व्हतं काय गं?"

मी म्हणाले, "नाही हो, कासमभाई. मला काय कळतंय गाडीतलं?"

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. हसले.

"मंग तुझा काय दोष नाय. मी उगाच इतकी वर्सं मनात धरलं. माफ कर, बाय."

माफी त्यांनी मागितली. माझी.

या प्रोफाइलवर माझं खरं नाव आहे, फोटो आहे. साहेबांच्या मुलांनो, वाचत असाल तर वाचा. तो रिपोर्ट खोटा होता.

कासमभाई, मला माहीत होतं.

शांत झोपा. तुमची माफी मला पेलत नाही.