आपल्यातल्यानंच

कळंबला टोमॅटो-मिरचीची रोपं तयार करून विकणारी सारजा चाळिशीला आली, तरी आपल्यासारखी दुसरी बाई तालुक्यात असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. नवऱ्याचं घर तिनं विशीतच सोडलं. आपला जीव बायकांवरच जडतो, हे मात्र कुणापाशी बोलली नाही. पुढं समलिंगी संबंध गुन्हा नाही असा कोर्टाचा निकाल आला, पेपरात बातम्या झळकल्या, आणि एकीच्या ओळखीनं दुसरी असं करत इंदापूरकडच्या पाचसहा जणी तिच्या शेडनेटमध्ये जमू लागल्या.

बारामतीत इंद्रजितनं गे पोरांचा असाच गट बांधला होता. तोच एकदा कळंबला आला. तुम्ही मूठभर, आम्ही मूठभर, एकत्र आलो तर निदान चौकीत कुणी ऐकून तरी घेईल, असं त्याचं म्हणणं. सारजाला ते पटलं. दोन्ही गटांचा मिळून ‘सोबत’ मंच उभा राहिला. बैठका बारामतीत मानसिंगरावांच्या दुकानावरच्या खोलीत व्हायच्या. ते इंद्रजितच्या वडिलांचे स्नेही. सगळं समजूनही काणाडोळा करायचे.

मंचातल्या सूरजला घरच्यांनी मारहाण केली, तेव्हा त्याला सारजानं आपल्याकडं ठेवून घेतलं. बाप दारात काठी घेऊन उभा राहिला, तर ‘हितं कुणी न्हाय’ म्हणून तिनं उंबरा सोडला नाही. तेव्हापासून इंद्रजित तिला अक्का म्हणू लागला.

मग पिंपळीची छकुली आली. नर्सिंग शिकलेली, तेवीस वर्षांची. घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं होतं आणि तिचा जीव जडला होता बरोबर शिकणाऱ्या एका मुलीवर. छकुली मानसिंगरावांची पुतणी निघाली. सारजानं तिला ठेवून घेतलं. बातमी दिली फक्त इंद्रजितला, कारण असं काही झालं तर दोन्ही गटांतल्या एकेकाला ठाऊक असावं, असं त्यांचं ठरलं होतं.

दोन दिवसांनी सकाळीच दारात जीप थांबली. मानसिंगराव शांतपणे म्हणाले, “इंद्रजितनं सांगितलं म्हणून बरं झालं. न्हायतर आमी पार नरसिंगपूरपातूर हिंडलो असतो.”

छकुलीनं सारजाचा हात धरून ठेवला होता. तो मानसिंगरावांबरोबर आलेल्या पुतण्यांनी सोडवला आणि तिला जीपमध्ये बसवलं.

सारजा आधी चौकीत गेली. पोलिसांनी पोरीला विचारलं, पण घरच्यांच्या देखत. आपण आपल्या मर्जीनं घरी आहोत, असं ती खाली मान घालून म्हणाली. तिथून सारजा थेट बारामतीला गेली. इंद्रजित खोलीत एकटाच होता.

“खोली मानसिंगतात्यांची हाय, अक्का. पोरांना दुसरीकडं बसाय जागा न्हाय,” तो म्हणाला. “आन् तात्यांनी शब्द दिला हुता, लग्नाचा विषय काढणार न्हाय म्हणून.”

“सूरजच्या बापानंबी मला शब्द दिला आसता, इंद्रजित. मी मागितला न्हाय.”

तो रडू लागला. आजवर तो रडला की सारजा त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. आज ती जिना उतरून गेली. बायका मंचातून बाहेर पडल्या. त्यांच्यामागं एकटा सूरज आला. बाकीची पोरं त्याच खोलीत भेटत राहिली.

दिवाळीनंतर छकुलीचं लग्न लागलं, इंदापूरला दिली. माघ संपता संपता एका दुपारी तिचा फोन आला, शेजारणीच्या मोबाईलवरून. घरात कुणी नाही म्हणाली. तिला एकच विचारायचं होतं, पत्ता कुणी सांगितला.

क्षणभर सारजाला वाटलं, पोरीला आणखी एक घाव कशाला? पण खोटं बोलून पुन्हा तिचा विश्वास कसा मागायचा?

“इंद्रजितनं,” ती म्हणाली.



“म्हंजी आपल्यातल्यानंच.”

“व्हय.”

“मी निघाले तर यू का तुमच्याकडं?”

सारजानं ये म्हणून सांगितलं. या खेपेला कुणाला कळवणार नाही, हेही सांगितलं. फोन ठेवल्यावर ती तशीच रोपांमध्ये बसून राहिली. इतकी वर्षं एकटी होती, तेव्हाही तिला एवढं एकटं वाटलं नव्हतं.